चुकीचा पत्ता शोधणारा गणिती

साठवलेली माहिती चोरीला गेली की बोभाटा होतो. ती जागच्या जागी बिघडली तर मात्र कुणाला सुगावाही लागत नाही. बँकेच्या खात्यातील एखादा आकडा, रुग्णाच्या नोंदीतील औषधाचे प्रमाण किंवा मतमोजणीतील बेरीज मुकाट्याने बदलते आणि पडद्यावर ती पूर्वीइतकीच खरी वाटते. बेल्जियममध्ये १८ मे २००३ रोजी झालेल्या निवडणुकीत ब्रसेल्स शहराच्या स्कारबेक भागात नेमके हेच घडले. तेथे मतदान संगणकावर होते आणि प्रत्येक मताची नोंद चुंबकीय कार्डावरही होत होती. एका उमेदवाराला मिळालेली मते शक्य असलेल्या संख्येपेक्षाही अधिक भरली, म्हणून शंका आली. कार्डे पुन्हा वाचली तेव्हा संगणकाने त्या उमेदवाराच्या पदरात ४०९६ मते जादा टाकल्याचे उघड झाले.

४०९६ हा आकडा जाणकारांना लगेच खटकला. संगणक प्रत्येक संख्या शून्य आणि एक या दोनच चिन्हांत लिहितो. एका ओळीत घरे मांडलेली असतात. पहिल्या घराची किंमत एक, दुसऱ्याची दोन, तिसऱ्याची चार अशी ती दुप्पट होत जाते. तेराव्या घराची किंमत ४०९६ होते. त्या एका घरातील शून्याचा एक झाला की बेरीज बरोबर तेवढ्याने वाढते. कार्यक्रमात दोष सापडला नाही. अवकाशातून येणाऱ्या किरणांच्या एखाद्या कणाने स्मृतीतील ते घर उलटे केले असावे, असा तर्क मांडला गेला. फरक मोठा होता म्हणून तो लक्षात आला. सोळा किंवा बत्तीस मतांचा असता तर कदाचित कुणी मागे वळून पाहिलेही नसते.

अशी चूक होणारच, हे गृहीत धरून ती यंत्रानेच शोधावी आणि यंत्रानेच दुरुस्त करावी, या कल्पनेला गणिताचा भक्कम पाया घालून दिला तो रिचर्ड वेस्ली हॅमिंग या अमेरिकी गणितज्ञाने. आज जगातील बहुतेक साठवलेली माहिती त्यांच्या किंवा त्यांच्या विचारातून पुढे निघालेल्या संकेतांच्या पहाऱ्यात असते. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हॅमिंग हे नाव पाठ असते. वर्गाबाहेर मात्र ते फारसे कुणाला ठाऊक नाही.

अभियंता व्हायचे राहून गेले

रिचर्ड हॅमिंग यांचा जन्म ११ फेब्रुवारी १९१५ रोजी शिकागो येथे झाला. शाळेचे आणि पुढील दोन-तीन वर्षांचे शिक्षणही त्याच शहरात पार पडले. मुलाचा ओढा अभियांत्रिकीकडे होता. पण ते महामंदीचे दिवस होते आणि घरच्या पैशावर उच्च शिक्षण घेणे शक्य नव्हते. शिष्यवृत्ती देऊ केली ती एकट्या शिकागो विद्यापीठाने आणि तेथे अभियांत्रिकीचा विभागच नव्हता. म्हणून हॅमिंग गणिताकडे वळले. नाइलाजाने धरलेली ही वाट आपल्या हिताचीच ठरली, असे पुढे त्यांना वाटू लागले. १९३७ मध्ये त्यांनी शिकागोची पदवी घेतली, १९३९ मध्ये नेब्रास्का विद्यापीठातून पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले आणि १९४२ मध्ये इलिनॉय विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. त्यांचा प्रबंध अवकल समीकरणांवर होता. संगणकाशी त्याचा काहीही संबंध नव्हता. त्याच वर्षी वांडा लिटल यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

एप्रिल १९४५ मध्ये हॅमिंग न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातील लॉस अलामोस येथे दाखल झाले. अणुबॉम्ब तयार करण्याचा अतिगुप्त प्रकल्प तेथे चालू होता. पदार्थविज्ञानवेत्ते हान्स बेथे यांच्या विभागात आकडेमोडीची यंत्रे अखंड चालू ठेवणे हे हॅमिंग यांचे काम. वांडाही पुढे तेथेच गणनाच्या कामाला लागल्या. समीकरणे मांडणारे शास्त्रज्ञ नामांकित होते. यंत्रांना ती समजतील अशा रीतीने उतरवून उत्तरे बाहेर काढणारे हॅमिंग पडद्याआड होते.

पहिल्या अणुचाचणीच्या काही दिवस आधी एका सहकाऱ्याने त्यांच्याकडे काही आकडेमोड तपासायला दिली. स्फोटाच्या उष्णतेने पृथ्वीभोवतीच्या हवेनेच पेट घेतला तर काय, या प्रश्नाचा तो हिशेब होता. हॅमिंग यांनी आकडे स्वतः पुन्हा तपासले. गणित बरोबर होते. पण ज्या मोजमापांवर ते उभे होते ती बरोबर आहेत की नाहीत, हे त्या कागदावरून कळत नव्हते आणि त्यांनी तसे स्पष्टपणे सांगितले. १६ जुलै १९४५ रोजी चाचणी झाली आणि हवा पेटली नाही. या प्रसंगाची आठवण हॅमिंग यांनी आयुष्यभर जपली. आकडेमोड निर्दोष असूनही तिच्यातले मूळ आकडे चुकीचे असतील, तर उत्तराला काहीच अर्थ उरत नाही.

लॉस अलामोसमधून निघताना हॅमिंग दाम्पत्याने एक जुनी मोटार विकत घेतली. ती होती क्लाउस फुक्स या सहकाऱ्याची. बॉम्बची गुपिते सोव्हिएत रशियाला पोहोचवल्याबद्दल याच फुक्सला १९५० मध्ये इंग्लंडमध्ये चौदा वर्षांची शिक्षा झाली आणि त्याच्याविषयी माहिती घेण्यासाठी अमेरिकेच्या तपास यंत्रणेने हॅमिंग यांचीही विचारपूस केली. माहिती फुटणे म्हणजे काय, हे त्यांनी असे जवळून पाहिले. त्यांचे नाव झाले ते मात्र माहितीच्या दुसऱ्या शत्रूशी केलेल्या झुंजीमुळे. हा शत्रू हेर नव्हता. तो होता यंत्रातला एखादा अडकलेला खटका.

शनिवार-रविवारची मेहनत वाया

१९४६ मध्ये हॅमिंग न्यू जर्सीतील बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमध्ये रुजू झाले. दूरध्वनीच्या व्यवसायावर उभी असलेली ही प्रयोगशाळा त्या काळी संशोधनाची पंढरी होती. ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ मध्ये तेथेच लागला. माहितीशास्त्राचा पाया घालणारे क्लॉड शॅनन तेथेच काम करत होते आणि काही काळ हॅमिंग आणि शॅनन एकाच खोलीत बसत. वरिष्ठांच्या आज्ञेपेक्षा स्वतःच्या बुद्धीने चालणाऱ्या तरुण गणितज्ञांचा तो कंपू होता.

प्रयोगशाळेने त्या वर्षांत तयार केलेले मॉडेल-५ हे यंत्र म्हणजे एक अजस्र प्रकरण होते. दूरध्वनी केंद्रात वापरतात तशा विद्युत खटक्यांनी, म्हणजे रिलेंनी ते चालत असे. रिलेंची संख्या नऊ हजारांच्या घरात आणि वजन सुमारे दहा टन. कार्यक्रम आणि आकडे छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरून आत जात. या यंत्रात चूक ओळखण्याची एक साधी सोय होती. शून्य ते नऊ यांपैकी प्रत्येक अंक पाच खटक्यांनी दाखवला जाई आणि त्यांतले नेमके दोनच चालू असत. पाचांतून दोन निवडण्याचे प्रकार बरोबर दहा होतात, म्हणून दहा अंकांना ते पुरत. एखादा खटका अडकला की चालू खटक्यांची संख्या एक किंवा तीन होई आणि यंत्राला कळे की काहीतरी बिघडले आहे.

दिवसा हे ठीक होते. यंत्र थांबे, दिवे लागत आणि पाळीवरचे कर्मचारी येऊन दुरुस्ती करत. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी जवळ कुणीच नसे. तेव्हा चूक आढळली की यंत्र ते काम अर्धवट सोडून रांगेतल्या पुढच्या कामाकडे वळे. हॅमिंग हे तेव्हा नवखे होते. महत्त्वाच्या कामांपुढे त्यांच्या हिशेबाला मान नव्हता. त्यांच्या वाट्याला यंत्र येई ते शनिवार-रविवारी. १९४७ मध्ये लागोपाठ दोन आठवडे असे झाले, की सोमवारी येऊन पाहावे तो त्यांचे काम टाकून देऊन यंत्र पुढे गेलेले. ज्यांना ही उत्तरे द्यायची होती ते सहकारी वाट पाहत होते आणि हाती काहीच नव्हते.

दुसरा कुणी यंत्राच्या नावाने बोटे मोडून पुढच्या शनिवारची वाट पाहत बसला असता. हॅमिंग यांच्या संतापातून एक प्रश्न उभा राहिला. चूक झाली आहे, एवढे जर यंत्राला कळते, तर ती कुठे झाली आहे हे त्याला का कळू नये? शून्य आणि एक ही दोनच चिन्हे असल्याने जागा कळली की दुरुस्ती आपोआप होते. शून्य चुकले असेल तर एक लिहायचा, एक चुकला असेल तर शून्य. सारा प्रश्न पत्त्याचा होता.

उभी आणि आडवी बेरीज

एक उपाय सर्वांना ठाऊक होता. तीच माहिती तीन वेळा लिहायची आणि वाचताना बहुमत घ्यायचे. एक प्रत बिघडली तरी उरलेल्या दोन खरे सांगतात. पण त्यासाठी जागा तिप्पट लागते. त्या काळी एकेका खटक्याला किंमत होती, त्यामुळे हा उपाय परवडणारा नव्हता.

हॅमिंग यांनी सुरुवात केली ती हिशेबनीसांच्या जुन्या युक्तीने. खतावणीचा तक्ता तपासताना उभ्या रकान्यांची बेरीज घेतात, आडव्या ओळींचीही घेतात आणि दोन्ही जुळल्या की हिशेब बरोबर मानतात. शून्य-एकाची मांडणी अशाच चौकोनात केली आणि प्रत्येक ओळीच्या व रकान्याच्या शेवटी एक जादा घर ठेवले, की त्या घरात असा अंक भरता येतो, ज्यामुळे ओळीतल्या एकांची एकूण संख्या सम होईल. पुढे एखादे घर बिघडले तर त्याची ओळ विषम होते आणि त्याचा रकानाही विषम होतो. ती ओळ आणि तो रकाना जेथे एकमेकांना छेदतात, तेथे चूक आहे.

युक्ती चालली, पण जादा घरे अजून फार लागत होती. चौकोनाऐवजी त्रिकोण, मग घन, मग कागदावर काढताही न येणाऱ्या अनेक मितींच्या आकृत्या असा विचार करत हॅमिंग शेवटी जेथे पोहोचले ती मांडणी शाळकरी मुलालाही समजेल इतकी सोपी आहे. तिचे सर्वांत लहान रूप सात घरांचे. चार घरांत माहिती आणि तीन घरांत पहारा.

घरांना एक ते सात असे क्रमांक द्यायचे. पहिले, दुसरे आणि चौथे घर पहारेकऱ्यांचे. पहिल्या घराने १, ३, ५, ७ या घरांवर लक्ष ठेवायचे. दुसऱ्याने २, ३, ६, ७ वर. चौथ्याने ४, ५, ६, ७ वर. प्रत्येक पहारेकऱ्याच्या गटात एकांची संख्या सम राहिली पाहिजे, एवढाच नियम. समजा, साठवायची माहिती १०११ आहे. ती ३, ५, ६ आणि ७ क्रमांकांच्या घरांत ठेवली आणि नियमाप्रमाणे पहाऱ्याची घरे भरली, की सात घरे ०११००११ अशी दिसतात. आता सहाव्या घरातील एकाचा शून्य झाला, असे धरू. पहिला पहारेकरी तक्रार करत नाही, कारण सहावे घर त्याच्या गटात नाही. दुसरा तक्रार करतो, चौथाही करतो. तक्रार करणाऱ्यांचे क्रमांक मिळवले, दोन अधिक चार, की उत्तर येते सहा. चुकीचा पत्ता मिळाला. बिघाड माहितीच्या घरात होवो की खुद्द पहारेकऱ्याच्या घरात, ही बेरीज नेमके तेच घर दाखवते. कुणाचीच तक्रार नसेल तर बेरीज शून्य, म्हणजे सारे ठीक.

चार घरांना तीन पहारेकरी हे प्रमाण भारी वाटते. पण ओळ लांबत गेली की खर्च झपाट्याने घटतो. माहितीच्या ६४ घरांना सातच पहारेकरी पुरतात. आठवा ठेवला तर एक चूक दुरुस्त होते आणि दोन चुका एकदम झाल्या तर त्या झाल्याचे निदान कळते. १९६१ मध्ये आलेल्या आयबीएमच्या स्ट्रेच या महासंगणकाच्या स्मृतीत हीच ६४ अधिक ८ घरांची मांडणी होती आणि आजही सर्व्हरच्या स्मृतीत ७२ घरांच्या ओळी सर्रास आढळतात.

मूळ मजकुराच्या रक्षणासाठी त्याला जादा मजकुराची जोड देण्याची गरज भारतीय परंपरेलाही जाणवली होती. वेदपठणाच्या जटापाठात दोन पदे सुलट, उलट आणि पुन्हा सुलट म्हटली जातात. घनपाठात ही गुंफण तीन पदांची होते. एखादे पद गळले किंवा जागा चुकले तर पठणाची घडी लगेच विस्कटते. हॅमिंग यांचे गणित या परंपरेतून आलेले नाही आणि घनपाठात चुकीचा पत्ता काढण्याचे गणितही नाही. पण न लिहिलेला मजकूर शतकानुशतके न बिघडता पुढे न्यायचा, तर तो एकदाच म्हणून भागत नाही, ही जाण दोन्हीकडे सारखी आहे.

अंतराची कल्पना

हॅमिंग यांचा शोधनिबंध बेल सिस्टिम टेक्निकल जर्नलच्या एप्रिल १९५० च्या अंकात प्रसिद्ध झाला. शोध लागून तेव्हा दोन वर्षांहून अधिक काळ लोटला होता. पेटंटची कागदपत्रे होईपर्यंत कंपनीने प्रसिद्धी रोखून धरली होती. या काळात शॅनन यांनी १९४८ च्या आपल्या गाजलेल्या निबंधात हॅमिंग यांच्या नावासह सात घरांचा संकेत उदाहरण म्हणून दिला. तो वाचून मार्सेल गोले या स्विस वंशाच्या शास्त्रज्ञाने तीच कल्पना पुढे नेली आणि १९४९ मध्ये जेमतेम एका पानाचे टिपण छापले. त्यामुळे छापील स्वरूपात व्यापक सिद्धांत आधी आला तो गोले यांचा. श्रेयाची ही वाटणी पुढे बरीच चर्चिली गेली. हॅमिंग आणि त्यांचे सहकारी बर्नार्ड होलब्रुक यांच्या नावे पेटंट १९५१ मध्ये मंजूर झाले. पण १९५६ मध्ये अमेरिकी सरकारशी झालेल्या तडजोडीनुसार बेलला आपली जुनी पेटंट विनामूल्य खुली करावी लागली आणि हा पहारा कुणालाही वापरता येऊ लागला.

त्या निबंधात सात घरांच्या युक्तीपेक्षाही मोठी अशी एक गोष्ट होती. सारख्या लांबीच्या दोन ओळी किती जागी वेगळ्या आहेत, ती संख्या म्हणजे त्यांच्यातील अंतर, अशी व्याख्या हॅमिंग यांनी केली. १०११ आणि १००१ यांच्यातील अंतर एक. १०११ आणि ०१०० यांच्यातील चार. वापरात असलेल्या प्रत्येक दोन ओळींत किमान तीनचे अंतर राखले, तर एका घराच्या बिघाडाने ओळ आपल्या मूळ जागेपासून एकच पाऊल ढळते. दुसऱ्या कोणत्याही वैध ओळीपासून ती अजून दोन पावले लांब असते. म्हणून तिला सर्वांत जवळच्या घरी परत पाठवता येते. दाट वस्तीत पत्त्याचा एक अंक चुकला की पत्र शेजाऱ्याकडे जाते. विरळ वस्तीत पोस्टमन बरोबर घर ओळखतो. हॅमिंग अंतर या नावाने ओळखली जाणारी ही कल्पना पुढे संगणकाबाहेरही पसरली. जनुकांच्या साखळ्यांची तुलना करणारे जीवशास्त्रज्ञही ती वापरतात.

भारतीय गणितज्ञांचा वाटा

हॅमिंग यांचा संकेत एक चूक दुरुस्त करतो. अधिक चुका सोसणारे संकेत घडवण्याच्या कामात भारतीयांचा वाटा मोलाचा आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात असलेले राजचंद्र बोस आणि त्यांचे शिष्य द्विजेंद्रकुमार राय-चौधुरी यांनी १९६० मध्ये असे संकेत मांडले. फ्रान्समध्ये होकेंगेम यांनी ते १९५९ मध्ये स्वतंत्रपणे शोधले होते, म्हणून तिघांच्या आद्याक्षरांवरून ते बीसीएच संकेत म्हणून ओळखले जातात.

बोस यांच्याच हाताखाली १९५० मध्ये डॉक्टरेट मिळवणारे एक मराठी नाव म्हणजे शरच्चंद्र शंकर श्रीखंडे. ऑयलर या थोर गणितज्ञाने १७८२ मध्ये मांडलेला चौरसांविषयीचा तर्क चुकीचा असल्याचे बोस, श्रीखंडे आणि पार्कर यांनी १९५९ मध्ये सिद्ध केले आणि ती बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर झळकली. त्याच वर्षी बोस आणि श्रीखंडे यांनी संकेतांच्या रचनेवरही एक निबंध लिहिला. हादामार सारण्या या नावाच्या अधिक-उण्यांच्या मांडणीतून संकेतांच्या ओळी एकमेकींपासून दूरदूर कशा ठेवता येतात, याचा विचार त्यात होता. श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झाले. २०२० मध्ये वयाच्या १०२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. १९७१ मध्ये मंगळाच्या कक्षेत गेलेल्या मरिनर-९ या यानाने छायाचित्रे पाठवली ती याच कुळातल्या संकेतातून. सहा घरांच्या माहितीसाठी ३२ घरे वापरून त्यांतील सात चुकांपर्यंत दुरुस्ती करता येत होती.

१९६० मध्येच रीड आणि सॉलोमन या अमेरिकी गणितज्ञांनी मांडलेला संकेत चुकांचे सलग पुंजकेही सोसतो. ओरखडा पडलेली सीडी वाजते ती त्यामुळे. भाजीच्या गाडीवर उन्हापावसाने विटलेला, कोपरा फाटलेला क्यूआर कोड मोबाइलने वाचला जातो तोही त्याचमुळे. १९९४ मध्ये जपानमध्ये तयार झालेल्या या कोडच्या सर्वांत सुरक्षित प्रकारात सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी मजकूर परत मिळतो.

महत्त्वाचा प्रश्न कोणता?

हॅमिंग बेलमध्ये तीस वर्षे राहिले. संगणकावर अवघड समीकरणे सोडवण्याच्या पद्धती, कार्यक्रम लिहिणे सोपे करणाऱ्या भाषा, संकेतांवरील गोंगाट गाळण्याचे गणित अशा अनेक विषयांत त्यांनी काम केले. १९५८ ते १९६० या काळात ते असोसिएशन फॉर कॉम्प्युटिंग मशिनरी या संस्थेचे अध्यक्ष होते आणि १९६८ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. संगणकशास्त्रातील या सर्वोच्च सन्मानाचे ते तिसरे मानकरी.

त्यांचा स्वभाव मात्र सोयीचा नव्हता. जेवणाच्या टेबलावर रसायनशास्त्रज्ञांच्या शेजारी बसून ते विचारत, तुमच्या विषयातले सर्वांत महत्त्वाचे प्रश्न कोणते आणि तुम्ही त्यांवर काम का करत नाही? काही दिवसांत त्या टेबलावर त्यांचे स्वागत होईनासे झाले. शुक्रवारी दुपारनंतरचा वेळ त्यांनी केवळ मोठ्या प्रश्नांच्या चिंतनासाठी राखून ठेवला होता. दहापैकी एखादाच प्रयोग संगणकावर होत असताना, पुढे दहापैकी नऊ प्रयोग संगणकावरच होतील, असे ते वरिष्ठांना बजावत असत. तेव्हा हे कुणाला फारसे पटत नव्हते.

१९७६ मध्ये बेल सोडून ते कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे नौदलाच्या पदव्युत्तर महाविद्यालयात शिकवू लागले. संशोधन कसे करावे, विचार कसा करावा हाच त्यांच्या अध्यापनाचा विषय झाला. मार्च १९८६ मध्ये त्यांनी संशोधकांपुढे दिलेले या विषयावरील व्याख्यान आजही जगभर वाचले जाते. त्यांच्या नावाचे पदक विद्युत व इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांच्या जागतिक संस्थेने सुरू केले आणि १९८८ मध्ये पहिले पदक त्यांनाच दिले. १९९७ मध्ये ते निवृत्त झाले. तरी त्या वर्षाच्या डिसेंबरपर्यंत ते वर्ग घेतच होते. ७ जानेवारी १९९८ रोजी माँटेरे येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

पहाऱ्याची मर्यादा

हॅमिंग यांच्या कामाचे मोल त्यांच्या निधनानंतर वाढतच गेले आहे. इंटेलच्या संशोधकांनी १९७८ मध्ये दाखवून दिले होते, की चिपच्या वेष्टनातील किरणोत्सारी अंशांतून निघणारे कणही स्मृतीतले घर उलटे करू शकतात. चिपवरची घरे त्यानंतर कितीतरी पटींनी लहान झाली आणि तितकीच नाजूकही. २०२० मध्ये मानक ठरलेल्या डीडीआर-५ स्मृतीत तर दुरुस्तीची सोय चिपच्या आतच बसवलेली असते.

तरीही या पहाऱ्याच्या मर्यादा ओळखणे आवश्यक आहे. सात घरांच्या संकेतात एकाऐवजी दोन घरे बिघडली, तर पहारेकरी भलताच पत्ता सांगतात आणि दुरुस्तीच्या नावाखाली तिसरे घर बिघडते. पहाऱ्याच्या कुवतीपेक्षा चुका अधिक झाल्या तर तो पहारा नसल्यापेक्षा फसवा ठरतो. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. हे संकेत निसर्गाने आणि यंत्राने केलेल्या चुकांसाठी आहेत, माणसाने हेतुपुरस्सर केलेल्या फेरफारासाठी नाहीत. आकडा बदलणारा मनुष्य पहाऱ्याची घरेही नव्याने भरून ठेवू शकतो. मग एकही तक्रार उठत नाही. त्यासाठी गुप्त किल्लीवर आधारलेली डिजिटल स्वाक्षरी लागते. भारतात २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने तिला मान्यता दिली आणि महाराष्ट्रातील शेतकऱ्याला सातबारा उताराही आता डिजिटल स्वाक्षरीचा मिळतो. तिसरी गोष्ट म्हणजे संपूर्ण डिस्कच जळाली किंवा हरवली, तर कोणताही पहारेकरी कामाचा नाही. तेथे वेगळ्या जागी ठेवलेली दुसरी प्रतच हवी आणि ती उघडते की नाही, हेही वेळोवेळी पाहायला हवे.

या तिन्ही उपायांच्या मुळाशी एकच व्यवहार आहे. साठवलेल्या माहितीवर विश्वास ठेवायचा असेल, तर ती तपासण्यासाठी काही जागा आणि काही खर्च आधीच बाजूला काढावा लागतो. तो वाचवण्याचा मोह प्रत्येक कार्यालयाला होतो, कारण सारे सुरळीत असते तेव्हा पहारेकऱ्याची घरे रिकामटेकडी दिसतात. यंत्राला चूक कळते, तर तिची जागाही कळली पाहिजे, असा हट्ट १९४७ मध्ये एका नवख्या गणितज्ञाने धरला. त्याआधी चूक आढळली की यंत्रे थांबत किंवा काम टाकून पुढे जात. चुकीसह काम चालू ठेवून उत्तर मात्र बरोबर देण्याची शिस्त त्यांना हॅमिंग यांनी लावली.